गचक्याचं टायमिंग

१९ जानेवारी १९८६, रविवार. मुलुंड
मेहुणा मार्तंड काल बोटीवर गेला. त्याची सिंगापूरहून आणलेली ऑटोमॅटिक गाडी तो येईपर्यंत माझ्या ताब्यात. क्लचच नाही, गिअर आपोआप बदलतो! आई घाटकोपरला हॉस्पिटलात आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणाले, घरी नेताना गचका बसता कामा नये. ॲम्ब्युलन्स सांगू का, असंही विचारलं. मी म्हटलं, कशाला? घरची गाडी आहे. आईने शेजारच्या खाटेवरच्या बाईला लगेच सांगून टाकलं, माझो झील गाडी घेऊन येतलो.

२१ जानेवारी
गाडी गिअर बदलताना गचका देते. दर वेळी. मार्तंडने गिअरबॉक्सची वाट लावून ठेवलीय. त्याला मी बोलणार नाही, माझा स्वभाव तसा नाही. पत्रात लिहीन.

२४ जानेवारी
रद्दीवाल्याकडे परदेशी मासिक मिळालं. तिकडच्या नव्या गाड्यांत गिअर बदलताना इंजिनाचा स्पार्क क्षणभर उशिरा पाडतात. इंजिनाचा जोर कमी होतो, गिअरबॉक्स वाचतो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक डबी लागते. आपल्याकडे डबी नाही, डोकं आहे.

२६ जानेवारी
सुट्टी सत्कारणी लावली. स्पार्कचं टायमिंग ठरवणारा डिस्ट्रिब्यूटर ढिला केला, त्याला स्प्रिंग आणि सायकलच्या ब्रेकची केबल जोडली, केबल डॅशबोर्डखालून आत घेतली. मी 'ओढ' म्हटलं की शेजारी बसलेल्या बायकोने, म्हणजे वसुधाने, ओढायची. इतकं सोपं. वसुधा म्हणाली, मला मटार सोलायचेत.

दुपारी ट्रायल. गचका. वसुधाने उशिरा ओढली. पुन्हा गचका. लवकर ओढली. वर मलाच विचारते, अहो, तुमचा डावा पाय काय करतोय तिथे? म्हटलं, तू केबलकडे बघ. बावीस वर्षं बॉसची फियाट चालवलेला पाय आहे. गिअर बदलला की क्लच शोधतो, सापडला नाही तर ब्रेकवर टेकतो. शिस्त म्हणतात याला.

३० जानेवारी
आईला भेटलो. गाडी धुतलीस का, विचारत होती. खिडकीतून दिसेल अशी उभी कर म्हणाली. गचक्याचं बोललो नाही. घरी येताना फार भीती वाटली.

२ फेब्रुवारी
डिस्ट्रिब्यूटर आवळताना पाना डाव्या पायावर पडला. अंगठा टम्म. बँडेज बांधलं, पाय मागे घेऊन ठेवला, जराही हलवता येत नाही. तरी ट्रायल घेतली. झकास! भांडुपला जाऊन आलो, एक गचका नाही. टायमिंग जमलं! वसुधा म्हणाली, आज मी केबल ओढलीच नाही. श्रेय घ्यायचं नाही, ही तिची जुनी सवय.

८ फेब्रुवारी
अंगठा उतरला. बँडेज काढलं. उद्या आईला आणायचं. आता काळजीचं काही कारणच नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
आईला मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. वॉर्डातल्या बायका खिडकीत. गेटबाहेर पडताच गचका. आईने उशी घट्ट धरली. पुढच्याला कळवळली. मी वसुधावर ओरडलो, ओढ, ओढ! ती ओढतच होती. विक्रोळीपर्यंत दर गिअरला गचका. कांजूरमार्गला आई म्हणाली, बाबा, माका हयच उतरव. रागावली असती तर बरं झालं असतं.

टॅक्सी थांबवली. खिळखिळी फियाट. आईला दोघांनी धरून आत बसवलं, वसुधा तिच्याबरोबर बसली. दार लावता लावता मला म्हणाली, डावा पाय वर घेऊन या, जेवायला बसता तसा.

संध्याकाळी
आई झोपलीय.
डाव्या पायाची मांडी घालून आलो. कांजूरमार्ग ते मुलुंड गाडी अशी आली की बशीतला चहा सांडला नसता. केबल ओढायला कोणी नव्हतं. मागे आईच्या उशा होत्या.