मोत्याच्या तोंडातली काडी

किन्हीराजा, मंगळवार, फाल्गुन, १९५६

लिही सूनबाई या वहीत, एक अक्षर गाळू नको. आपल्या आठ महिन्यांच्या मोत्याच्या तोंडाले आठवडाभर घाण वास येत होता. तू म्हणे, "आत्याबाई, कुत्रं मेलेलं खाऊन राह्यलं. उद्या मळ्यात सोडून द्या." तुह्या नवऱ्यानंही मान डोलावली. मलेही तसंच वाटलं. तीन दिवस त्याले कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी पाजलं. आधी तोंड उघडून काहून नाही पाहिलं मी?

आज मिसरी लावताना दिसलं, मोत्या पंजानं गाल खाजवून राह्यला. मिसरीच्याच बोटानं जबडा उघडला. टाळूले आडवी, दोन्हीकडच्या दाढांत गच्च अडकलेली कापसाच्या पऱ्हाटीची काडी! चुलीसाठी रचलेला पऱ्हाटीचा ढीग आहे, त्यातल्या काड्या हा चघळत बसे. काडी ओढून काढली, तर वासाच्या भपक्यानं मलेच भोवळ आली.

काडी अर्ध्या बोटाएवढी. कोनाड्यात जपून ठेवली, तुह्या नवऱ्याले दाखवाले. आता मोत्या मळ्यात जात नाही.

थांबली काहून? आता तुह्याकडून लिही, "चूक माही होती."

नाही लिहीत? बरं. मोत्या तुह्या मांडीवर डोकं टेकून निजला अन् तू त्याले ढकललं नाही, तेवढं तरी लिही.