गोठ्याखालची टाकी

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! उतरताना पिशवीचा बंद तुटला आणि नव्या मालकांशी माझ्याआधी माझ्या मोज्यांचीच ओळख झाली. मालक बिचारे भलतीकडे बघत उभे राहिले. माणूस सभ्य दिसतो.

गोठा बघून मात्र जीव हरखला. उंच छप्पर, मधोमध चाऱ्याची वाट, दोन्हीकडे गाई. पायाखाली फटी ठेवलेली काँक्रीटची फरशी, त्यातून शेण-मूत खालच्या टाकीत पडतं. टाकी गोठ्याएवढीच लांब. कडेला लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. सगळ्यावर देखरेख माझी, म्हणजे चूक कुणाचीही असो, बोलणी मी खायची.

माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे तात्या आणि त्यांची बायको, वहिनी, राहतात. तात्या टाकी आणि पंप सांभाळतात, वहिनी दूध काढायच्या मशीनवर. सामान लावायच्या आधीच वहिनी चहा घेऊन आली. म्हणाली, ताई, इथं एकटं वाटून घ्यायचं नाही, भिंतीवर थाप मारायची, मी आलेच.

बुधवार, ५ तारीख

आज सगळ्यांना गोळा करून टाकीबद्दल सांगितलं. शेण ढवळलं की विषारी वायू सुटतो. पंखा लावल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एकट्याने उतरायचं नाही, कुणी आत पडलं तरी त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. कुजक्या अंड्याचा वास येतो तोवर निदान सावध तरी होता येतं. वास अचानक थांबला की पळायचं, कारण तेव्हा नाकच मेलेलं असतं.

तात्या म्हणाले, म्हणजे आमच्या हिच्यासारखंच. बडबडतेय तोवर भ्यायचं नाही, गप्प झाली की पळायचं. वहिनीने हातातलं फडकं फेकून मारलं. गाईसुद्धा माना वळवून बघायला लागल्या. किती दिवसांनी पोट धरून हसले!

रविवार, ९ तारीख

टाकीचा पंखा भयंकर किंचाळतो. पट्टा सैल झालाय. त्या आवाजाने गाई बिथरतात, लाथा मारतात, आज एकीने मशीनचे कप पार उडवले. वहिनीचं मनगट सुजलं. मालकांना पट्टा बदलायला सांगितलं. बघू म्हणाले. तोवर धारांच्या वेळी पंखा बंद ठेवायचा, असं मीच ठरवलं. बटण मशीनच्या खोलीतच आहे, नंतर लावायला काय लागतं?

वहिनीने माझी तुटकी पिशवी शिवून दिली. टाके असे, की नव्या पिशवीला लाज वाटावी.

शुक्रवार, १४ तारीख

तात्या गेले.

शनिवार, १५ तारीख

नीट लिहायला हवं. निदान कुठेतरी खरं असायला हवं.

सकाळच्या धारा चालू होत्या. टाकी उपसायची म्हणून ढवळणी फिरवून झाली होती आणि पंपात दोरी अडकली. तात्या दारात आले, मशीनच्या आवाजावरून ओरडले, "पंखा लावा बरं का, खाली उतरतोय." मी म्हटलं, "हो तात्या, लावते." तेवढ्यात मालकांचा फोन आला. दूध का घटलं म्हणून. मी उत्तरं देत राहिले. मी लावते म्हटलं ना, मग पंखा किंचाळायची वाट त्यांनी तरी का बघावी? ते माझ्या शब्दावर उतरले.

एकट्याने उतरायचं नाही, हेही मीच सांगितलं होतं. "थांबा" म्हणाले नाही.

वहिनीची किंकाळी ऐकून धावले. दारातून बाहेर पडताना हात बटणावर गेला. पंखा किंचाळायला लागला. लोक जमले तेव्हा पंखा चालूच होता.

वहिनी शिडीवर पाय टाकत होती. मी तिला मागून मिठी मारून धरलं. तिने माझे हात ओरबाडले, दंडाला चावली, पण मी सोडलं नाही. सगळे म्हणतात, बाईंनी धरलं म्हणून ती वाचली, नाहीतर एका दिवशी दोन गेली असती. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

पंखा चालू होता, मग तात्याच फार खाली वाकले असणार, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मंगळवार, १८ तारीख

वहिनी अजून माझ्यासाठी चहा आणते. आज माझ्या दंडावरचा चाव्याचा वण बघून रडली. मलम लावून दिलं. मला म्हणते, ताई, माफ करा.

मला!

शनिवार, २२ तारीख

झाकणाजवळच्या फरशीवर गाई उभ्या राहत नाहीत. दाटीवाटीने दुसऱ्या टोकाला जातात. माणसांनी हाकललं तर अंग चोरून, लांबून वळसा घेतात. कामगार म्हणतात, जनावराला कळतं.

मीही वळसा घेते.

दुपारी तिथे खाली कुणीतरी शीळ घातली. पाणी असेल, पंप असेल. पण पुढे उभी असलेली म्हातारी गाय शिळेसरशी कान टवकारून हंबरली. तात्या शीळ घालायचे तेव्हा हंबरायची, तशी.

मंगळवार, २५ तारीख

मालकांनी टाकीचं काम वहिनीला दिलं. घरातल्याच माणसाला दिलं, म्हणजे उपकारच केल्यासारखं बोलले. ती लगेच हो म्हणाली. मी म्हटलं, नको, तिला नको. का, विचारलं त्यांनी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनीसुद्धा.

मी दुधाची वही उघडली.

काही नाही, म्हणाले.

बुधवार, २६ तारीख

सांगितलं. आज सांगितलंच. तिच्या दारात उभी राहून, पंखा बंद होता, मी लावते म्हणाले होते, लावला नाही— सगळं. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

ती कपडे वाळत घालत होती. एक एक झटकून. म्हणाली, "ठाऊक आहे मला."

कुणी सांगितलं, विचारलं.

"ह्यांनीच. रोज सांगतात. फरशीला कान लावला की ऐकू येतं."

मग माझ्या गालावरून हात फिरवला. ओला, थंड हात. म्हणाली, ह्यांचा तुमच्यावर राग नाही हो ताई. राग मला आहे. पंख्याचा नाही— तुम्ही मला धरलंत, त्याचा.

गुरुवार, २७ तारीख

सकाळ. ऊन आहे. सगळे चारा आणायला शेतावर. मी दूध तपासत होते— बाहेर आले तर झाकण उघडं. तिच्या चपला शिडीपाशी. नीट, जोडीने ठेवलेल्या.

पंखा लावला आहे. लावला आहे. दोनदा जाऊन बघितलं.

अग्निशमनवाल्यांना फोन केला. हवेची नळी घेऊन येताहेत. उतरू नका म्हणाले. मला ठाऊक आहे. मीच तर सगळ्यांना—

झाकणाशी बसून लिहितेय. हातात पेन आहे तोवर शिडी धरणार नाही.

खाली ती दिसते. पालथी. हलत नाही. एवढ्या वेळात कुणी जिवंत— नाही. ती हाक मारू शकणार नाही. मला हे कळतं.

तरी हाक येते.

तिचीच. ताई, एकटं वाटून घ्यायचं नाही, म्हणते. मागून तात्यांची शीळ. गाई हंबरायला लागल्या, सगळ्या, एकदम—

गाडी अजून नाही. रस्त्यावर धूळसुद्धा नाही.

ती हलली. हात हलला. खरंच हलला, मी बघितलं— वर बघतेय— जिवंत असली तर? आणि मी इथे लिहीत बसले तर? पुन्हा तेच— पुन्हा मी नुसतं लावते, येते म्हणत—

वास येत नाहीये. मघाशी येत होता ना—

तात्या म्हणताहेत, या बाई, पंखा चालू आहे, काही होत नाही. मी लावला

हो तात्या, आले, एक पाय फक्त पहिल्या पायरीव