जबड्याला टेकवलेली बेल

बाबा, आज सकाळी खाली पार्किंगमध्ये पुन्हा तुमची बेल वाजली. म्हणजे बेल नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी मागे येत होती. गाडी मागे घेताना वाजते ती चाल, तुम्ही उल्हासनगरच्या गल्लीत दिवसभर तपासत बसायचात तीच. इथं बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत, ती रोज सकाळी आठ-दहा वेळा ऐकावी लागते, कारण पार्किंग अरुंद आहे आणि एका झटक्यात गाडी बाहेर काढणारा माणूस अजून इथं राहायला यायचाय. मला आता ती पूर्वीसारखी ऐकू येत नाही. वरचे सूर गळतात, खालचे तेवढे पोचतात, आणि चाल पाठ असल्यामुळे मधले मी मनानंच भरून काढते. खरं सांगायचं तर मला त्या चालीचा कंटाळा आलाय. सगळ्याचाच थोडा आलाय. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे आणि ती ह्या चालीला चिकटून बसली आहे, म्हणून आज रजा टाकून लिहायला बसले आहे.

अंबरनाथचा कारखाना बंद पडला तेव्हा तुम्ही सत्तेचाळीस वर्षांचे होतात, आणि वीस वर्षं प्रेस मशीनसमोर उभं राहून तुमचे कान पार गेले होते. कारखान्यात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. त्या दणदणाटात कुणीच ऐकून काम करत नव्हतं. हातानं खुणा करायचे, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, नाहीतर सरळ खांद्यावर थाप मारायचे. मग कुणाच्या तरी ओळखीनं तुम्हाला उल्हासनगर कॅम्पातल्या एका सिंधी सेठच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, आणि तेही कसलं, तर दाराला लावायच्या म्युझिक बेल तपासायचं. आईला कळलं तेव्हा ती लाटणं हातात तसंच धरून हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बहिऱ्याला बेल ऐकायला बसवलंय," म्हणाली. तुम्ही तिच्याकडे बघत होतात. तुम्हीही हसलात. सेठला तुमच्या कानांबद्दल काही सांगितलेलं नव्हतं, सांगितलं असतं तर त्यानं दारातूनच परत पाठवलं असतं. घर त्या कामावर चालणार होतं, तेव्हा आम्ही तिघांनीही तोंड बंद ठेवायचं हे न ठरवताच ठरलं.

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात होते आणि वर्कशॉप वाटेवर होतं. तुम्ही डबा विसरायचात, आठवड्यातून एकदा तरी, आणि मी तो आणून द्यायचे. लांबलचक टेबल, त्याच्या कडेनं सोल्डरिंग करणाऱ्या बायका, धूर, आणि सगळ्यात शेवटी ट्यूबलाइटखाली तुम्ही. बेल हातात घेता, बटण दाबता आणि कानाच्या खाली जबड्याच्या हाडाला टेकवता. डोळे मिटता. चाल संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली की डोळे उघडता आणि बेल डावीकडच्या खोक्यात. कधी एखादी उजवीकडे जाते, त्यात काहीतरी अडकत असतं, ते तुमच्या हाडाला कळतं. सेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतो, "काका का कान एकदम पक्का है." बायका माना खाली घालून हसतात. त्यांना कळलेलं असतं, पण त्याही बोलत नाहीत.

दिवाळीला सेठनं तुम्हाला एक बेल दिली, चार चालींची, मागे सरकवायची कळ असलेली. तुम्ही ती आपल्या दोन खोल्यांच्या दाराला लावलीत. आपलं दार दिवसभर उघडंच असायचं, त्यामुळे येणारा माणूस आत येऊन बसायचा आणि मग उठून, बाहेर जाऊन, कौतुकानं बेल वाजवायचा. तुम्हाला पहिली चाल सगळ्यात आवडायची. एकदा बेल जबड्याला लावून तुम्ही मला म्हणालात, "ही पुढे कुठं तरी जात असणार गं. नुसती सुरू होते आणि परत फिरते. पुढचं कुणीतरी कापलंय." मी अभ्यास करत होते. मी म्हटलं, बेल आहे ती बाबा, बेल किती वाजणार. तुम्ही कळ सरकवून दुसरी चाल लावलीत.

आता तो रविवार. मला बघायला कल्याणहून पाहुणे आले होते. मुलाचे काका भरघोस मिशांचे, त्यांनी बशीतून चहा घेत घेत विचारलं, "मुलीचं शिक्षण पुढे किती करायचा विचार आहे?" तुम्ही प्रसन्न चेहऱ्यानं उत्तर दिलंत, "दोन. स्वतःच्या आहेत. नळ आतच आहे." खोल्या किती, असं विचारल्यासारखं. सगळे हसले. मुलगाही हसला. आईनं घाईघाईनं पोहे पुढे केले आणि मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांच्याकडून नकार आला. तो कदाचित दुसऱ्याच कशामुळे आला असेल, पण मी तो तुमच्या नावावर मांडला आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्याशी न बोलणं सोपं होतं, नुसतं तोंड दुसरीकडे करायचं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही डबा विसरलात. मी वर्कशॉपला पोचले तेव्हा दारातल्या काउंटरवर दोन खोकी फोडलेली होती. चिपचा एक लॉट खराब आला होता. चाल तीच, पण मधला एक सूर साफ चुकलेला, कुणालाही खटकेल असा. थरथर मात्र बरोबर, त्यामुळे तुमच्या हाडानं त्या सगळ्या बेल पास केल्या होत्या आणि नागपूरच्या व्यापाऱ्यानं त्या परत पाठवल्या होत्या. सेठ एकेक बेल दाबून बघत होता. तुम्ही तिकडे टेबलाच्या शेवटाला, बेल जबड्याला लावलेली. मला बघून तुम्ही मान हलवलीत, डब्याकडे बघून ओशाळं हसलात. सेठनं मला विचारलं, "बेटी, सच बोलना. पापा को सुनाई देता है ना?"

मी म्हणाले, "नहीं सेठ. बिलकुल नहीं. घर में भी चिल्लाना पड़ता है."

मी आवाज खाली आणला नाही. कशाला आणायचा, तुम्हाला ऐकू येत नाही हेच तर मी सांगत होते. बायकांचे हात थांबले. सेठ चिडला नाही, हे मला आजही नीट आठवतं. तो नुसता म्हणाला, "पहले बोलना था ना, बेटी," आणि बेल खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पॅकिंगला, मागच्या खोलीत, पुठ्ठ्याची खोकी घड्या घालून उभी करायला. हे बरंच झालं, आरामाचं काम, असं मी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. पण बेल तपासायचं काम गेलं ते गेलंच. दाराची आपली बेलही तुम्ही पुन्हा कधी हातात घेतली नाहीत. सेल संपले, ते तुम्ही बदलले नाहीत. तुम्हाला जाऊनसुद्धा आता बावीस वर्षं झाली.

त्या संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत होते. आई भाजीला गेली होती. तुम्ही चहाचा रिकामा कप माझ्याजवळ आणून ठेवलात आणि म्हणालात, "सेठला कुणीतरी सांगितलं. कोण असेल गं?" मी वर बघेपर्यंत तुम्ही वळून पलंगावर जाऊन बसला होतात, माझ्याकडे पाठ करून, कॅलेंडरच्या भिंतीकडे तोंड. मी म्हणाले, "मला काय माहीत." त्यानंतर हा विषय आपल्यात निघाला नाही. आई सेठला शिव्या द्यायची, मीही तिच्याबरोबर द्यायचे. इतकी वर्षं मी हाच हिशोब धरून चालले की मी सांगितलं हे तुम्हाला कधी कळलंच नाही, आणि त्यातल्या त्यात एवढं तरी बरं झालं.

गेल्या महिन्यात मी कान तपासायला गेले. ऑफिसात दोनदा घोटाळा केला, तेव्हा साहेबांनीच सुचवलं. तपासणारी बाई तरुण, गोड बोलणारी. ती म्हणाली, मी म्हणते ते शब्द परत म्हणा. तिनं म्हटलं, मी म्हटले, सगळे बरोबर. मला वाटलं, उगाच आले. मग तिनं टेबलावरचा कागद उचलून तोंडासमोर धरला आणि पुन्हा बोलली. बाबा, मला एक शब्द कळला नाही. कागद खाली घेऊन ती हसली, म्हणाली, "काकू, तुम्ही ऐकत नाही, तुम्ही ओठ वाचता. बरीच वर्षं वाचत असणार." मास्कच्या काळात सगळं जग पुटपुटतंय असं मला का वाटत होतं, ते तेव्हा कळलं. आणि मग रिक्षात बसल्यावर बाकीचंही कळायला लागलं. त्या काकांच्या मिशा आणि ओठांपुढची बशी. स्वयंपाकघरातून आई हाका मारून थकायची आणि समोर येऊन हळू बोलली तरी तुम्ही लगेच उत्तर द्यायचात. कारखान्यातली वीस वर्षं. आणि ती ट्यूबलाइट, दारात उजेडाकडे तोंड करून उभी असलेली मी, आणि माझ्याकडेच बघत असलेले तुम्ही. रिक्षा घराजवळ आली तरी मला उतरायचं सुचलं नाही.

शेजारची मुलगी कीबोर्ड शिकते. तिला मी विचारलं, ते गाडी मागे घेतानाचं काय असतं गं? तिनं त्या माणसाचं नाव सांगितलं, मला मोबाइलवर सगळं लावून दिलं. फार जुना संगीतकार, परदेशातला. आपल्या बेलवरच्या चारांतल्या तीन चाली त्याच्याच निघाल्या. दार ठोठावल्यासारखे चार ठोके होते ना, ती त्याची, आणि शेवटची मिरवणुकीसारखी, ती तर मुळात शेकडो माणसं एकत्र गातात तशी आहे. सगळ्या जगात त्याचं हेच ऐकतात म्हणे, सगळ्यात जास्त हेच. मी मोबाइल जबड्याला लावून ऐकलं, कानाचं मशीन घेतलंय पण ते कपाटातच आहे. तुमचं खरं होतं. पहिली चाल पुढे जाते. बेल जिथून परत फिरायची तिथून पुढे ती आधी जरा मोकळी होते, मग फार खाली, जड होत जाते, एकच सूर दाबून दाबून वाजत राहतो, आणि मगच ती सुरुवातीला येते. ते कापलेलं तुमच्या हाडाला लागलं होतं.

त्या मुलीनं त्याचं आणखी एक सांगितलं. तोही पुढे ठार बहिरा झाला होता. ते शेकडो माणसांचं गाणं पहिल्यांदा झालं तेव्हा तो लोकांकडे पाठ करून उभा होता, आणि संपल्यावर लोक टाळ्या वाजवतायत हे त्याला कळलंच नाही. मग कुणीतरी जवळ जाऊन त्याला हात धरून वळवलं, तेव्हा त्याला दिसलं. हे सांगून ती मुलगी पुढचा धडा वाजवायला लागली आणि मी तिच्या सोफ्यावर म्हातारीसारखी रडत बसले. तिला वाटलं, काकूंना संगीत फार आवडतं.

हे पत्र कुठं टाकणार? दाराची ती बेल मी अजून ठेवली आहे, तिच्या खोक्यात ठेवून देईन. तुम्ही मला बोलताना पाहिलं होतं, हे मला आता पक्कं कळलंय. तरी तुम्ही विचारलंत, आणि मी खोटं बोलेन हे ओळखून, ते दिसू नये म्हणून पाठ केलीत. माझ्यापासून पलंग दोन पावलांवर होता. खांद्याला हात लावला असता तर तुम्ही वळला असतात. माझे हात राखेनं भरले होते, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. ते धुऊन झाले होते, बाबा. मी कोरडे करून बसले होते.