दोन कामांच्या मधी

२ नोव्हें.
पुस्तक घेऊन बसलं की सासूच्या पोटात दुखतं. म्हणून आता मोबाईलवर दहा-दहा प्रश्नांचे संच. कुकर लावायचा आन् ओट्यापाशी उभ्या उभ्या एक सोडवायचा. तलाठीचा फॉर्म भरलाय, ह्यांना सांगितलं. "बघ जमतंय का." एवढंच.

५ नोव्हें.
भात शिजेपर्यंत छान होतं. हात रिकामे, डोकंही. पण आज भाजी खारट झाली म्हणून सासूबाईनं माझं माहेर काढलं. नंतर न्हाणीत कडी लावून संच सोडवला. वेळ तेवढाच. बरोबर तीन. सोपे होते सगळे.

९ नोव्हें.
कुकर लावून मी काय करते ते कळलं सासूला. जेवताना ह्यांना म्हणाली, "उद्यापासून भात पातेल्यात. कुकरच्या भाताला चव न्हाई." पातेल्यापासून हलता येत नाही, उतू जातं. हे खाली बघून जेवले. ह्यांना चव कळली असेल.

१२ नोव्हें.
धुणं भिजत घातलं, जरा टेकले, की मिरच्यांचं सूप पुढ्यात. "बसल्या बसल्या देठं काढ." तरी मधीच मोबाईल घेतला. तिखट बोट डोळ्याला लागलं. आग आग. बाई शेजारणीला सांगती, "मोबाईलनं डोळे गेले आमच्या सुनंचे."

१५ नोव्हें.
आज सासूला विचारलंच. "मी मोबाईलवर काय करते, माहीत हाय ना तुम्हाला?"
"हाव. म्हणून तर."
"काय बिघडवलं मी तुमचं?"
"तू नौकरीला गावोगाव फिरशील. मंग मी मरंस्तोवर चुलीपाशीच का?"
कीव आली. चहा होईपर्यंत टिकली. चहा पण पाणचट म्हणाली.

२० नोव्हें.
हॉलतिकीट आलं. सेंटर नांदेड. त्याच दिवशी नणंदेच्या सासरची मंडळी जेवायला. बोलावलं कुणी, विचारायची गरज नाही. हे म्हणाले, "पुढच्या वर्षी दे की." मी हॉलतिकिटाची प्रिंट काढून आणली.

२४ नोव्हें.
धर्माबाद स्टेशन, सकाळ. "चालले" म्हणून निघाले. सासूनं कणकेतून हात काढला नाही, वर बघितलं नाही. हे अंथरुणात.
गाडी लेट. इतक्या महिन्यांत एवढा मोकळा वेळ पहिल्यांदाच. हाक नाही, काही नाही. संच उघडला. पहिलाच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचून राहिले, शिरेना. पुऱ्या कोण लाटत असेल, हेच डोक्यात.
फोन वाजतोय. ह्यांचा. जा म्हणायला का ये म्हणायला, काय माहीत. बंद झाला. परत वाजतोय.
गाडी दिसायली.