घर क्रमांक चौदा, हेरॉन पाँड: माझ्यामागे तिथे कोणी राहावे

मी, लेस्टर युजीन क्रुपा, वय एक्याऐंशी, धंद्याने लादीवाला, आता घरी बसलेला, राहणार घर क्रमांक चौदा, हेरॉन पाँड वसाहत, ओसेटा, फ्लोरिडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी माझा हात धरलेला नाही, कोणी कानाशी लागलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. मार्चमध्ये डॉक्टरांनी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. बुधवारपाशी अडखळलो, पण ते तेवढ्यात फोन वाजला म्हणून. यापूर्वीची माझी चारही मृत्युपत्रे रद्द समजावीत. चौथे कुठे ठेवले ते मलाच आठवत नाही. सापडले तरी ते रद्दच.

मी आठवीनंतर शाळा सोडली. वकिलांची भाषा मला येत नाही. शब्द चुकला असेल तिथे माझ्या मनात काय होते ते बघावे.

कलम एक. मला माझी बायको आर्डिस हिच्या शेजारी पुरावे. भाषणे नकोत. आमच्या घरमालक संघाची अध्यक्ष ग्लेंडा प्रुइट आलीच तर तिला बसायला खुर्ची द्यावी, पण उठून बोलू देऊ नये. ती एकदा सुरू झाली की थांबत नाही.

कलम दोन. थाप्या, लादी कापायचे यंत्र आणि पाणसळ आमच्या जुन्या गावच्या, टोलेडोच्या, लादीवाल्यांच्या युनियनला द्यावी, म्हणजे नवी माणसे त्यांवर शिकतील. पाणसळ कोणाला उसनी देऊ नये. एकदा माझ्याबरोबर कामाला असलेल्या रे कोपेकने नेली आणि आपटून आणली. मला ते कळायच्या आत एका बाईचे अख्खे न्हाणीघर भलत्याच बाजूला उतरले. पाणी अजून दाराकडेच जात असेल.

कलम तीन. बँकेत असेल ते आणि पिकअप ट्रक माझी मुलगी नोरीन हिला. नोरीन, ट्रक आपल्या दारात उभा केलास की संघाची नोटीस येईल. घाबरू नकोस. राज्याच्या नव्या कायद्याने आपला ट्रक आपल्या दारात ठेवता येतो. कायद्याची प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. प्रत दाखव, पण हातात देऊ नकोस. माझ्या दोन प्रती त्यांच्या कार्यालयात हरवल्या आहेत.

कलम चार. घर. हे लिहायला मला तीन आठवडे लागले. कृपा करून नीट वाचावे.

घर नोरीनचे. यात वाद नाही. वाद आहे तो तिने त्यात राहण्याबद्दल. आमची वसाहत पंचावन्नच्या पुढच्यांसाठी आहे आणि नोरीन शेहेचाळीस वर्षांची आहे. आम्ही हे घर घेतले तेव्हाच्या घोषणापत्रात, म्हणजे वसाहतीच्या नियमांच्या मूळ कागदात, लिहिले होते की मालक गेल्यावर त्याची मुले कोणत्याही वयाची असली तरी तिथे राहू शकतील. ते वाक्य आता तिथे नाही. ते काढायला मीच मदत केली.

झाले ते असे. आमच्याकडे संघाच्या सभेला कोणी जात नाही. सभा दुपारी जेवणानंतर असते आणि तेव्हा सगळी वसाहत डुलक्या काढत असते. म्हणून सभेच्या आधी अध्यक्षबाई घरोघर फिरून सह्या गोळा करते, की माझे मत माझ्या वतीने हिने द्यावे. चार वर्षांपूर्वी ग्लेंडा अशीच आली, लिंबाचा थंडगार केक घेऊन.

"लेस्टर, नेहमीचंच आहे. इथे एक आणि इथे एक."

"कशाबद्दल आहे?"

"अहो, वयाच्या नियमाची जरा झाडझूड. वाचत बसलात तर केक गरम होईल."

आर्डिस आतून म्हणाली, "लेस, चष्मा आणून देऊ का?" मी म्हणालो, नको. तोंडात घास होता आणि मी सही केली.

त्या झाडझुडीत आता असे आहे की प्रत्येक घरात पंचावन्नच्या पुढचे एक तरी माणूस राहत असलेच पाहिजे. ते मेले आणि त्या वेळी त्याच घरात राहणारे दुसरे तसे माणूस संघाकडे नोंदलेले नसले, तर बाकीच्यांनी नव्वद दिवसांत निघायचे. मालक असले तरी. ही दुरुस्ती एका मताच्या फरकाने मंजूर झाली. त्या मतावर माझी सही आहे. मी कार्यालयात जाऊन ती पाहून आलो. दोनदा.

नोरीन तेव्हा टोलेडोला होती. पुढे आर्डिस आजारी पडली, तेव्हा तिथली नोकरी आणि भाड्याचे घर सोडून ती इथे आली. आईचे सगळे तिने केले. आता माझे करते. मी मेल्यावर तिला जायला दुसरी जागा नाही. मी हे तिला सांगितले तेव्हा ती भांडी घासत होती.

"बाबा, मी केस रंगवायचे बंद करते. दोन महिन्यांत पंचावन्नची दिसेन."

"ते जन्माचा दाखला मागतात."

"मग तू मरू नकोस. सोपं आहे."

मी ग्लेंडाकडे गेलो. वाचनालयातून सगळे उतरवून नेले होते.

"ग्लेंडा, केंद्राचा कायदा म्हणतो की शंभरातल्या ऐंशी घरांत कोणीतरी पंचावन्नच्या पुढचं असलं की झालं. वीस घरांची मोकळीक आहे. आपल्याकडे तर एकही घर त्या विसात नाही."

"मोकळीक आहे ना. पण ती घेतलीच पाहिजे असं कुठे म्हटलंय? आपण सोडली. तुम्हीच सही केलीत."

वकिलानेही हेच सांगितले, फक्त जास्त वेळ लावून. कायदा परवानगी देतो, सक्ती करत नाही. मग मला सांगा, असा कायदा माणसाने वाचायचा तरी कशाला? केंद्राचा वाचला, राज्याचा वाचला, आणि शेवटी चालतो तो केकबरोबर आलेला कागद.

कलम पाच. हे माझा धाकटा भाऊ मर्ल याच्याबद्दल. मर्ल एकोणसत्तर वर्षांचा आहे. जॉर्जियात एका ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहून बोटींची इंजिने दुरुस्त करतो आणि तंबाखू चघळतो. दोन वर्षे आमचे बोलणे नव्हते. कारण लिहितो.

शेवटच्या आजारात आर्डिसला उन्हात वाळलेल्या चादरी हव्या होत्या. यंत्रातल्या चादरीला उन्हाचा वास नसतो, म्हणायची. मी मागे दोरी बांधली. चौथ्या दिवशी दोरी काढा म्हणून संघाची नोटीस आली, आणि मी दुसऱ्या सकाळी दोरी सोडली. आर्डिसने यंत्रातली चादर अंगावर घेतली. भांडली असती तर बरे झाले असते. तिच्या दफनाच्या दिवशी मर्ल सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, तिने एक दोरी मागितली होती. तेवढीसुद्धा नाही राखता आली तुला." मी त्याला निघून जायला सांगितले.

वयाचा कायदा शोधताना वाचनालयात मला दुसराच सापडला. आमच्या राज्यात कपडे वाळवायच्या दोरीला कोणताही घरमालक संघ बंदी करू शकत नाही. हा कायदा आम्ही इथे आलो त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. मी ते पान वाचले आणि पुस्तक जागेवर ठेवले. मर्ल बरोबर होता हे इथे लिहून ठेवतो. तोंडाने म्हणणार नाही.

ऑगस्टमध्ये मी त्याला फोन केला.

"कोण मेलं?" तो म्हणाला.

"कोणी नाही. अजून."

मग मी सगळे सांगितले. संघाचा नियम, नोरीन, नव्वद दिवस, आणि मी जिवंत असतानाच दुसऱ्या म्हाताऱ्याची नोंद व्हायला हवी ते. तो बराच वेळ चघळत होता. ऐकू येत होते.

"म्हणजे तुला माझं वय हवंय."

"हो."

"मी नकोय."

"तू नकोसच."

"हां. आता खरं बोललास. कधी येऊ?"

तो दोन पिशव्या घेऊन आला. ग्लेंडाने जन्मतारखेसाठी त्याचा गाडीचा परवाना तीन वेळा उलटापालटा केला आणि शेवटी नोंद केली. म्हणून लिहितो: मागच्या खोलीत राहण्याचा हक्क मर्लला. मालकी नाही, विकण्याचा अधिकार नाही, रंग बदलण्याचा नाही. हा हक्क नोरीनला पंचावन्न पूर्ण होईपर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबर २०३३ पर्यंत. नोरीनने त्याला जेवण द्यावे. त्याने तिच्या गाडीचे तेल बदलावे. दोघांनी दर दोन वर्षांनी येणारा संघाचा वयाचा फॉर्म मुदतीआधी भरून पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये.

कलम सहा. मर्लसाठी अटी. आमचे वडील चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेले. तुला सत्त्याहत्तरपर्यंत पोचायचे आहे, मर्ल. म्हणून शिडीवर चढू नये. रक्तदाबाची गोळी सकाळी घ्यावी, आठवण झाल्यावर नव्हे. रोज तळ्याला एक फेरी मारावी, आणि मगर काठावर असेल तर ती फेरी रस्त्याने. तंबाखू बंद. तू तारखेच्या आधी मेलास तर माझी मुलगी रस्त्यावर येईल. बारा नोव्हेंबरपासून तुझी तू वाट्टेल ती चैन कर.

हे कलम मी काल त्याला वाचून दाखवले, कारण नंतर मला माहीत नव्हते असे त्याने म्हणू नये. तो पायरीवर बसला होता.

"एवढा त्रास मला कशाला देतोस, दादा? तूच आठ वर्षं जग की."

"एकोणनव्वदपर्यंत?"

"नाहीतरी तुला दुसरं काय काम आहे?"

मी विचार केला आणि म्हणालो, बघतो. आज सकाळपासून मीही तळ्याला फेरी मारू लागलो आहे, तो मागे, मी पुढे. हे मृत्युपत्र एकोणनव्वद न जमल्यास लागू व्हावे.

सर्व पाने, एकूण पाच, मी वाचली आहेत आणि प्रत्येकावर सही केली आहे.

लेस्टर युजीन क्रुपा

वरील सही त्याने आम्हा दोघांच्या समोर केली आणि आम्ही दोघांनी त्याच्या व एकमेकांच्या समोर सह्या केल्या. तो शुद्धीवर व चिडलेला होता.

साक्षीदार: ओटिली बाउमन, घर क्रमांक सोळा, हेरॉन पाँड
साक्षीदार: रुबेन फुएन्टेस, टपालवाले, ओसेटा

ठिकाण: ओसेटा, फ्लोरिडा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५