रंगाऱ्याची बायको

सिस्टर, परवा इथं हॉलंडात, लायडनला एका व्याख्यानाला गेले होते. दहावीत तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलेल्या त्या जुन्या प्रेमकवितांमधली बाई खरी कोण, हे एका प्राध्यापकानं शोधून काढलं आहे. हरवलेलं पाकीट सापडल्यासारखा त्याचा चेहरा होता. ती निघाली कापड रंगवणाऱ्या एका रंगाऱ्याची बायको. घरभर मुलं, कोपरापर्यंत निळे हात. कवी मात्र पानोपानी रडतो, की ही निष्ठुर आहे, माझ्याकडे वळूनही बघत नाही. निष्ठुर व्हायला तिला वेळ कधी मिळत होता, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

तुम्ही फळ्यापाशी उभ्या आहात, काळ्या बाहीवर खडू सांडलाय, आणि मी हात वर करून विचारते, ती कोण होती, तिचं लग्न झालं होतं का. वर्ग फिदीफिदी हसतो. तुम्ही आवाज चढवत नाही. "कवीनं आपल्याला कविता दिली आहे," तुम्ही म्हणता. "बाई दिलेली नाही." मधल्या सुट्टीत मला ती कविता परत लिहून काढावी लागली. प्रेमाचं नाव काढलं की तुम्ही घाबरता, असं मी पुढे कितीतरी वर्षं धरून चालले. व्रत घेताना तुम्ही घरचं नाव टाकून एका संताचं नाव घेतलं होतंत, आणि त्यामागे नौदलातला कुणीतरी अधिकारी असणारच, अशी आम्हा मुलींची खात्री होती. त्याच्या मिशाही आम्ही ठरवल्या होत्या.

व्याख्यान संपल्यावर मी उठून विचारलं, तिनं या कविता कधी ऐकल्या तरी होत्या का. त्याला पुरावा नाही, पण आता ती अमर झाली, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "म्हणजे आधी त्यानं तिला न विचारता कवितेत ओढलं, आणि आता तुम्ही न विचारता बाहेर ओढताय." परतीच्या ट्रेनमध्ये माझी डच शेजारीण शांतपणे म्हणाली, "उद्धट बोललीस. बरं केलंस." इकडे ही शाबासकी समजायची.

त्याच आठवड्यात वर्गातल्या मैत्रिणीचा नाशिकहून फोन आला. शाळेच्या आवारातल्या तुमच्या थडग्यावर फुलं ठेवायला ती गेली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरनं बोलता बोलता तुमचं घरचं नाव सांगितलं. "सांगू का?" तिनं विचारलं. मी नको म्हटलं, वर तिलाही चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला.

"काय गं, उतरलं का भूत?" असं म्हणून तिनं सांगितलं.

तेव्हा आता मला माहीत आहे. इथं लिहीत नाही. तुम्ही ते कुणाला दिलेलं नव्हतं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही म्हणून एवढंच सांगते, काल घरात कुणी नसताना त्या नावानं तुम्हाला एकदा हाक मारली. अहोजाहो न करता.