पोपटाच्या दुरुस्त्या

प्रिय धाकट्या,

वरचा 'प्रिय' सवयीनं टाइप झाला. खोडला नाही, एवढंच समज.

तुझी मुलाखत ऐकली. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा आईबरोबर. ती फोन हातात धरून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "ऐक गं, तुझ्याबद्दल बोलतोय." तू म्हणत होतास, "माझी थोरली बहीण दृष्टिहीन आहे. तीच माझी प्रेरणा. मग मी एकट्यानं चार वर्षं खपून एकवीस हजार शब्दांचे उच्चार यंत्राला शिकवले." आईनं नाक ओढलं, म्हणजे तिच्या डोळ्यांत पाणी आलं असणार. प्रेरणा म्हणे! प्रेरणा म्हणजे खुर्चीत हात जोडून मंद हसत बसलेली बाई. मी अशी कधी बसले होते रे? आणि 'दृष्टिहीन' हा शब्द तू कुठून उचललास? आपल्या घरात मी सरळ आंधळी होते, आणि दाराला धडकलास की आई तुलाही आंधळाच म्हणायची.

दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा ऐकलं ते चुका मोजायला. ती माझी जुनी खोड, तुला माहीत आहे. चार वर्षं नव्हेत, अकरा. एकट्यानं नव्हे. आणि पुढे तो दुसरा पाहुणा तावातावानं म्हणाला, की सॉफ्टवेअर हवेसारखं सगळ्यांचं असतं, त्यावर मालकी कसली. आणि तू शांतपणे म्हणालास, की मेहनत करणाऱ्याला हक्क मिळालाच पाहिजे. टाळ्या तुला पडल्या. तुम्ही दोघं तासभर भांडलात, पण मेहनत नक्की कुणी केली हे तुला त्यानं विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. असल्या वादांचा मला उबग आला आहे. एकाला सगळं फुकट हवं, दुसऱ्याला शब्दाशब्दाला कुलूप हवं, आणि ज्यांनी बसून काम केलं ते दोघांच्याही खिजगणतीत नाहीत.

तू एकोणीस वर्षांचा होतास. परीक्षा संपली होती आणि जेवणाच्या टेबलावर तुझा तो घरघरणारा कॉम्प्युटर होता. मला तेव्हा कुणीतरी वाचून दाखवायला लागायचं, आणि तुला ते काम इतकं कंटाळवाणं व्हायचं की तू मधली वाक्यं गाळायचास. मी पकडायची. शेवटी चिडून म्हणालास, "थांब, तुला वाचणारा पोपटच करून देतो." सुट्टीभर खपलास आणि खरंच दिलास. पहिल्या दिवशी त्यानं वर्तमानपत्र वाचलं आणि आपण तिघंही पोट धरून हसलो. प्रत्येक च आणि प्रत्येक ज त्याला एकाच तऱ्हेचा. 'चूक' म्हणायची ती 'च्यूक', 'काच' म्हणायची ती 'काच्य'. 'जरा थांबा' हे तो असं म्हणाला, की साक्षात म्हातारपणालाच थांबायला सांगतोय. 'या जगात कसं जगायचं' यातले दोन्ही ज त्यानं सारखेच ठोकले. तू म्हणालास, "लिहिताना अक्षर एकच आहे ताई, यंत्राला कसं कळणार?" मी म्हणाले, "मी सांगते ना."

सांगितलं. अकरा वर्षं सांगितलं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या त्या टेलिफोनच्या खोलीत, ऑपरेटरच्या माझ्या खुर्चीत, एका कानाला हेडफोन, हातात ब्रेलची पाटी आणि टोच्या. कुणी नवं आडनाव सांगितलं, की टोचलं. कुणी औषधाचं नाव घेतलं, की टोचलं. दर रविवारी मी कागदावरून बोट फिरवत वाचायची आणि तू टाइप करायचास. "हळू ताई, माझी बोटं दोनच हातांना आहेत." मग लोक जोडले गेले. फिजिओवाला मित्र शरीराचे आणि आजारांचे शब्द पाठवायला लागला. गणिताच्या बाईंनी सगळी समीकरणं वाचायला शिकवली. त्या तर एकेका कंसासाठी माझ्याशी आठवडाभर भांडायच्या. सातशे-आठशे आंधळी माणसं त्या पोपटाच्या तोंडून वाचत होती. मुलं परीक्षा देत होती. आणि पोपट सुरू झाला, की आधी चार ओळी बोलायचा. त्या तू वकिली भाषेत लिहिल्या होत्यास आणि मी फाडून टाकायला लावल्या होत्या. आईला कळेल असं लिही, म्हणाले होते. घ्या, वापरा, सुधारा, आणि सुधारलेलं सगळ्यांना परत द्या. एवढंच. फुकट दिलं होतं आपण, टाकून नव्हतं दिलं. या दोन्हींतला फरक तुझ्या त्या पाहुण्यालाही कळत नाही आणि तुझ्या कंपनीलाही.

मग तू कंपनीत गेलास आणि पोपट तिला दिलास. ते तुला माहीत आहे, पण आमच्या बाजूनं कसं दिसलं, म्हणजे ऐकू आलं, ते तुला माहीत नाही. एका सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर अपडेट झालेलं. पोपट गेला होता. एक गोड आवाजाची बाई आली होती आणि दरमहा वर्गणी भरा म्हणत होती. भरायला गेले, तर आधी तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. कसं? ज्या चित्रांत सिग्नलचा दिवा आहे ती निवडा. आंधळ्यांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये, धाकट्या! हे कुणाच्या डोक्यातून निघालं आणि तू त्याच इमारतीत बसून काय करत होतास? पुढच्या पानावर तर सगळ्या बटणांची नावंच नव्हती. बाई आपली म्हणतेय, "बटण. बटण. बटण." कोणतं दाबू? फिजिओवाला फोनवर म्हणाला, "ताई, आपला पोपट झाला." तेवढंच काय ते हसलो.

ती बाई आमचेच शब्द बोलते, हे मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं. जून महिना ती जून काकडीसारखा म्हणते. ती माझी चूक आहे. महिना आणि काकडी वेगळी करायची माझ्याकडून राहून गेली होती. कंपनीनं माझी चूकसुद्धा हक्कासकट घेतली, आणि वर जाहिरात केली, की उच्चार तज्ज्ञांनी तपासलेले आहेत.

मग मी घरात जपून ठेवलेल्या जुन्या पोपटाच्या प्रती द्यायला लागले. ज्यानं मागितली त्याला दिली. गणिताच्या बाईंच्या दोन विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आधल्या आठवड्यात दिली. महिन्याभरात मला नोटीस आली. तीही कागदाचा फोटो काढून पाठवलेली, म्हणजे कुठल्याच यंत्राला वाचता येऊ नये अशी. शेजारच्या शिंपीणबाईंकडून, आईला कळू न देता, वाचून घेतली. त्या बिचाऱ्या एकेक ओळ वाचून विचारत होत्या, "तुम्ही चोरी केलीत का हो? तुम्ही?" मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. माझेच शब्द मी चोरले होते. आणि नोटिशीत खाली लिहिलं होतं, की या दुरुस्त्यांचा एकमेव कर्ता म्हणून तू तसं लिहून दिलं आहेस.

तोवर मी तुझी बाजू घेत होते, हे तुला सांगून ठेवते. कंपनीनं पोराला फसवलं असेल, घाईत सही केली असेल, असं मी फिजिओवाल्याला दहादा सांगितलं. तो लगेच विषय बदलायचा. आम्ही तिघांनी नोंदणी कार्यालयात हरकत घेतली. माझे ब्रेलचे गठ्ठे टॅक्सीत घालून नेले. तिथल्या कारकुनानं एक कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "यावर तर काहीच लिहिलेलं नाही." त्याला काय बोलणार! पण अधिकारी बाई शहाण्या होत्या. त्यांनी ब्रेल वाचणारा माणूस बोलावला, तारखा पाहिल्या, आणि कंपनीच्या वकिलाला विचारलं, की हे काय आहे. वकील अजिबात गडबडला नाही. त्यानं एक कागद पुढे केला. त्यावर माझी सही होती.

अधिकारी बाईंनी विचारलं, "मी वाचून दाखवू, की तुमच्या यंत्रावर ऐकाल?" मी म्हणाले, याची टाइप केलेली प्रत माझ्या कॉम्प्युटरमध्ये घाला, माझा पोपट वाचेल. वकिलानं हरकत घेतली, बाईंनी फेटाळली. आणि पोपटानं वाचलं. स्वच्छ, एकही च चुकला नाही, एकही ज अडखळला नाही. मी माझ्या सर्व दुरुस्त्या, झालेल्या आणि पुढे होणाऱ्या, माझ्या धाकट्या भावास कायमच्या देत आहे. माझा यापुढे त्यांवर कोणताही हक्क नाही. आणि शेवटी: हा मजकूर मला वाचून दाखवण्यात आला असून मला तो पूर्णपणे समजला आहे.

तो दिवस मला आठवला. आधी तारीख आली, मग त्या खोलीचा दमट वास आला, मग तू. दुपारची वेळ, फोन एकसारखे वाजत होते, अपघात विभागाची गडबड चालली होती. तू घाईत आलास. म्हणालास, "पोपटाच्या नावाची नोंद करायची आहे, एक सही हवी." मी हेडफोन अर्धा काढून विचारलं, "काय लिहिलंय?" आणि तू म्हणालास, "नेहमीचंच गं." माझं बोट धरलंस, कागदावर टेकवलंस आणि म्हणालास, "इथे." तुझा हात गार होता. मला वाटलं, बाहेर गारठा असेल.

नेहमीचंच. बँकेतला कारकून मला हेच सांगतो. घरमालक हेच सांगायचा. मला कुणाच्या 'नेहमीचंच'वर अवलंबून राहायला लागू नये म्हणून तू एक अख्खी सुट्टी घालवली होतीस. लोक फोनवर पानंच्या पानं न वाचता 'मान्य आहे' दाबतात म्हणून तू किती हसायचास, आठवतं? ते निदान वाचायचं नाही असं स्वतः ठरवतात. माझ्या वतीनं तू ठरवलंस. मला कंपनीची घाण वाटत नाही इतकी. ती कंपनीच आहे, तिच्याकडून मी काय अपेक्षा ठेवणार? पण त्या दिवशी घरी येऊन मी ते बोट साबणानं धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं. वेडेपणा आहे, पण धुतलं.

अधिकारी बाईंनी मला एकच प्रश्न विचारला. हा मजकूर सहीच्या आधी तुम्हाला वाचून दाखवला होता का? उत्तराला आठ दिवस दिले. व्हरांड्यात वकील जवळ येऊन हळूच म्हणाला, "सख्खा भाऊ आहे तुमचा. 'नाही' म्हणालात तर खोटं लिहून घेतल्याचा ठपका त्याच्यावर येईल, आमच्यावर नाही. नीट विचार करा." म्हणजे त्यांनी तेवढीही सोय आधीच करून ठेवली होती. तुला ती ठाऊक होती का रे? का कंपनीच्या त्या कागदावर तूही न वाचताच सही केलीस?

आठ दिवस मला जेवण गेलं नाही. फिजिओवाला म्हणाला, "ताई, तुम्ही 'हो' म्हणालात तरी मी तुम्हाला काही बोलणार नाही." गणिताच्या बाईंनी आपला एक विद्यार्थी पास झाला, एवढंच कळवलं. तू फोन करशील म्हणून मी वाट पाहिली. एकदा आलाही तुझा, पण आईला. मुलाखत पाहिलीस का विचारायला.

काल मी जाऊन उत्तर दिलं. नाही, म्हणाले. वाचून दाखवलं नव्हतं, विचारल्यावरही सांगितलं नव्हतं. बाईंनी ते लिहून घेतलं, मला परत वाचून दाखवलं, शब्दन् शब्द, आणि मगच सही घेतली. तो जुना कागद बाद होईल, असं त्या म्हणाल्या. दुरुस्त्या पुन्हा सगळ्यांच्या होतील, आणि तुझ्या नावानं चौकशीचं पत्र निघेल. ते सोमवारपर्यंत तुला मिळेल. मी हे लिहितेय ते माफी मागायला नाही आणि तुला मागायला लावायलाही नाही. आईला यातलं काहीच माहीत नाही. ती अजून ती मुलाखत फोनवर लावून शिंपीणबाईंना ऐकवते आणि तुझं नाव आलं की आवाज मोठा करते. रविवारी जेवण झाल्यावर मी तिला सगळं सांगणार आहे. आज गुरुवार. तिनं हे तुझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं, म्हणून तुला तीन दिवस आधी कळवते आहे. शनिवारी ती दिवसभर घरी असते. मी त्या दिवशी बाहेर जाईन.

अजून तरी तुझीच,
ताई